पालिकेत लागली

धाकटी : ताई, त्या बाटलीचं झाकण उघडू नकोस.

ताई : उघडलं. घोटभर पाणी भरून घेणार होते. ऊन केवढं आहे बाहेर.

धाकटी : नमुन्याची बाटली आहे ती. वाफेवर जंतू मारून बंद केलेली. आता पुन्हा वाफवावी लागणार.

ताई : पालिकेची बाटली, आणि केवढा तो तोरा.

धाकटी : सकाळी तुझ्याच लेकीनं वाफवली होती.

ताई : म्हणजे खरं आहे तर. मला शेजारणीनं सांगितलं. म्हणे, लेक पालिकेच्या पाणी तपासणीत लागली, मावशीच्या हाताखाली. मी आपली हसले, जसं काही ठाऊकच होतं. मला सांगून जाते, मुलाखतींना चाललेय म्हणून. तिची आई कोण, मी की तू?

धाकटी : तू.

ताई : मग तुला आधी कसं कळतं?

धाकटी : तुला सांगायला घाबरली ती. दिवा गेला, की तू म्हणतेस पालिकेचा. कपडा विटला, पालिकेचा. चहा पातळ झाला, तोही पालिकेचा. जन्मापासून ऐकतेय पोरगी.

ताई : सगळेच म्हणतात तसं.

धाकटी : आणि मैत्रिणींना माझी ओळख करून देतेस, ही सरकारी नोकरीत असते.

ताई : सरकार काय, पालिका काय, एकच.

धाकटी : एकच कसं? सरकार लांब बसतं. पालिका म्हणजे गावानं आपलं आपण बघायचं. आपलं पाणी, आपला कचरा, आपले दिवे. नळ कोरडा पडला की सरकारला फोन करतेस की मला?

ताई : तुला बहीण म्हणून करते.

धाकटी : मग एखादा वाढदिवसालाही करत जा.

ताई : विषय बदलू नकोस. औषध कंपनीत मी तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. तू फूस लावलीस.

धाकटी : अर्ज तिचा तिनं केला. निवड करायला मी बसलेही नव्हते, नातं आहे म्हणून.

ताई : पहिल्यापासून हे असंच. पडली, रडली की माझ्याकडे. हसायला मात्र तुझ्याकडे. काल फोनवर बोलत होतीस ना तिच्याशी? दाराआडून ऐकलं मी. केवढ्यानं हसत होती. माझ्याशी बोलताना नाही तशी हसत.

धाकटी : असं मनाला लावून घेऊ नये, ताई.

ताई : तुझं काय जातं बोलायला. तिला दुसरीकडे टाक ना. बागांच्या खात्यात टाक.

धाकटी : रसायनशास्त्र शिकून झाडं शिंपू दे?

ताई : तुझ्यापासून लांब तरी राहील.

धाकटी : ताई...

ताई : बरं. उद्या कुणी विचारलं तर काय सांगू?

धाकटी : आहे ते. पालिकेत लागली.

ताई : पालिकेत लागली.

धाकटी : ओठ वाकडा झाला.

ताई : माझी लेक पालिकेत लागली.

धाकटी : आता जमलं. थांब जरा, टाकीवर गेलीय नमुने आणायला. येईलच.

ताई : नको. दुपारची जेवते कुणाबरोबर?

धाकटी : माझ्याबरोबर. माझ्याच डब्यातलं. तुझ्याकडे डबा मागितला असता तर तुला कळलं नसतं का?

ताई : उद्यापासून दोघींचा डबा मी देईन. तू घरून काही आणायचं नाहीस.