पुढचा ब्रेक

"ब्रेक परत मऊ लागतोय, विनोद. दाबला की स्पंजावानी आत जातोय."

दौंडच्या गॅरेजात माझ्या स्कूटीचं पंक्चर निघायचं होतं. शेजारी खुटबावचे चांगदेव आबा आपल्या मोटारसायकलवरून मेकॅनिक विनोदपाशी कुरकुरत होते. सोबत त्यांची लेक, गौतमी.

"आबा, परवाच तर ब्रेकच्या तेलातली हवा काढली. बरं, पुन्हा काढू. गौतमीताई, ब्रेक चार-पाच डाव दाबा, मग धरून ठेवा. मी नट ढिला करतो. नळीतनं तेल येतंय त्यात बघा आबा, एक तरी बुडबुडा हाय का?"

"न्हाई दिसत."

"म्हंजी हवा न्हाई. आता तुम्हीच दाबून बघा."

"कडक हाय खरा. पण हिला सोमवारपासून नोकरीला रोज एकटीनं दौंडला यायचं. रस्त्याला ट्रक किती!"

"आबा," गौतमी म्हणाली, "गेल्या आठवड्यात मी गाडी काढली तवा तुम्हाला चेन वाजताना ऐकू आली. त्याआधी टायर गुळगुळीत दिसला. आता ब्रेक."

"गाडीची काळजी घ्यायला नगं व्हय?"

"गाडीची?"

आबांनी दाबलेला ब्रेक सोडलाच नाही.

"गाडीत काय खोट न्हाई, गौतमे. मलाच भ्या वाटतंय. तू चालव. आज घरापतूर मी मागं बसतो."