मान डावीकडे

बाई: थांबा, थांबा. आत्ता वाकायच्या आधी हात मागे कशाला नेलात?

काका: नाही नेला.

बाई: नेलात. पाठीमागून कुडता खाली ओढलात.

काका: ओढला असेल. सवय.

बाई: काका, तुम्ही बनियनवर आहात.

काका: हं.

बाई: बनियनवर माणूस कुडता ओढत नाही. कुडता काकू ओढायच्या. आखूड होता त्यांचा, माझ्या योगवर्गात पहिल्या रांगेत असायच्या, वाकायच्या आधी दर वेळी हात मागे. मी चिडवायची त्यांना. आत्ता तुम्हाला बघून अंगावर काटा आला माझ्या.

काका: मी मुद्दाम नाही करत.

बाई: मुद्दाम केलं असतं तर बरं होतं. तुम्हाला हे सगळं शिकवलं कुणी? मला फोनवर म्हणालात, काकू गेल्यापासून रोज करतोय, खंड नाही. मला वाटलं कुठे तरी वर्गाला जात असाल.

काका: कुणी नाही शिकवलं. बघून.

बाई: काकूंना बघून?

काका: ती इथे चटईवर, मी त्या खुर्चीत. सकाळचा पेपर. पेपरच्या खालून जेवढं दिसतं तेवढं बघितलं. हात, पाय. उरलेलं ऐकून. डावा पाय खाली ठेवताना ती आपटायची, तो आवाज आला की कळायचं, आता पालथी पडणार.

बाई: म्हणून तुम्हीही पाय आपटता! खालच्या मजल्यावरच्या वहिनी मघाशी जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, गेलेलं माणूस रोज सकाळी वर चालतंय असं वाटतं हो. तोंड उतरलं होतं बिचारीचं.

काका: माझ्याजवळही बोलल्या त्या. मला बरं वाटलं.

बाई: बरं वाटलं?

काका: म्हणजे बरोबर जमतंय.

बाई: काका, हे बघा. कुडता ओढा, पाय आपटा, माझं काही म्हणणं नाही. मान मात्र सोडणार नाही मी. डॉक्टरांनी पट्टा दिलाय, तो तिथे खुंटीला लटकतोय. त्यांनी सांगितलंय, मान अशीच दुखत राहिली तर योग बंद. तुम्ही त्यासाठीच बोलावलंत ना मला?

काका: बंद नको, म्हणून बोलावलं.

बाई: मग ऐका. वक्रासनात उजवा गुडघा उभा, धड उजवीकडे वळलं, म्हणजे मानही उजवीकडेच. नजर खांद्यावरून मागे. तुम्ही धड नेता उजवीकडे आणि मान गर्रकन डावीकडे. ओला कपडा पिळतात तशी पिळता मान. रोज! दुखेल नाही तर काय?

काका: ती तशीच करायची.

बाई: मुळीच नाही. इतकी वर्षं डोळ्यांसमोर होत्या माझ्या. वर्गात काकूंची मान एकदाही अशी गेली नाही.

काका: घरी जायची.

बाई: घरीच का?

काका: घड्याळ बघायची, असं मला वाटायचं. पान उलटताना दिसायचं ना, मान डावीकडे, माझ्या दिशेला. माझ्या खुर्चीच्या वर भिंतीवर घड्याळ आहे. म्हटलं, दूधवाल्याची वेळ बघते.

बाई: मग तुम्ही कशाला बघता? तुमच्याकडे आता दूध पिशवीचं येतं.

काका: ती गेल्यावर पहिल्यांदा बसलो चटईवर. जसं आठवलं तसं केलं. मान वळवली. घड्याळ दिसत नाही, बाई.

बाई: म्हणजे?

काका: तुम्ही बसून बघा.

बाई: बघते. नाही तरी एकदा करून दाखवायचंच आहे तुम्हाला. तुम्ही बसा खुर्चीत आणि नीट लक्ष द्या. आधी बरोबर करते, मग तुमचं चुकीचं. फरक कळेल.

काका: खुर्चीत नको.

बाई: का?

काका: मी बसत नाही तिथे आता.

बाई: दुसरीकडे कुठे बसणार, दिवाणावर कपड्यांचा डोंगर आहे. बसा हो, क्षणभराचं काम. पेपर घ्या उचलून, त्याच्यावर नका बसू.

(ती चटईवर बसून धड उजवीकडे वळवते. खांद्यावरून मागे बघते. मग मान डावीकडे आणते.)

काका: दिसतंय घड्याळ?

बाई: नाही. मधे कपाटाची कड येते.

काका: काय दिसतं?

बाई: खुर्ची.

काका: आणि?

बाई: पेपर. पेपर धरलेली बोटं. काका, तुम्ही पेपर तोंडासमोर धरलाय.

काका: हं? हात आपोआप वर गेले. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली. निवृत्त झालो तरी सकाळी पेपरातल्या चुका शोधल्याशिवाय चैन नाही पडायचं.

बाई: म्हणजे काकू...

काका: सुरुवातीला विचारायची. चटई अंथरली की, "अहो, येताय का?" मी म्हणायचो, "एवढं पान होऊ दे." मग विचारायची बंद झाली. मला वाटलं, सुटलो. आणि ती रोज, अशी मान मोडून, बघत होती. मी येतोय का.

बाई: काका, पाणी आणू?

काका: नको. खरं सांगतो, हसू नका. लोकांना वाटतं ती येते माझ्याकडे सकाळी. ती नाही येत. मी मान वळवतो तेव्हा खुर्चीत माणूस असतो. तोंडासमोर पेपर. मी वाट बघतो, आता खाली करेल, आता करेल. श्वास संपतो माझा. तो काही पेपर खाली करत नाही. इतका राग येतो त्या माणसाचा! म्हणून मान नाही सोडवत.

बाई: मी वर्गात घसा फोडून सांगायची, लक्ष श्वासावर ठेवा, मन भटकू देऊ नका. काकू हसून म्हणायच्या, "माझं एकाच ठिकाणी जातं हो." मला वाटायचं, गॅसवर काही ठेवून येत असतील.

काका: असं म्हणाली ती?

बाई: कितीदा तरी. काका, मी अजून तशीच बसलेय. माझीही मान अवघडली आता. तुमचा चेहरा मात्र दिसत नाहीये.

काका: आता?

बाई: पेपर अजून थोडा खाली. हं. आता दिसला.

काका: विचारा ना, बाई. एकदाच. ती विचारायची तसं.

बाई: अहो... येताय का?

काका: आलो.

बाई: सावकाश. मी उठते, तुम्ही हात टेकवून बसा, घाई नको. डावा पाय लांब, उजवा गुडघा उभा. धड वळवा. आता मान. उजवीकडे, काका. धडाबरोबर.

काका: उजवीकडे खुर्ची दिसत नाही.

बाई: माहीत आहे. मी उभी आहे ना इथे. वळवा. अशी. छान. दुखतंय?

काका: मानेत नाही. बाई...

बाई: काय?

काका: खुर्चीत आहे कुणी?

बाई: कुणी नाही.

काका: आणि पेपर?

बाई: खाली ठेवलाय, काका. श्वास सोडा.