ओजेलादेला म्हणे 'तुम्ही'!

नाही, मला सांगा, सत्तरीच्या माणसानं आता नव्यानं बोलायला शिकायचं? साल एकोणीसशे एक्क्याण्णव, ऐन डिसेंबर, उत्तरेच्या वाळवंटातली धूळ सुटलेली, ओठ फुटलेले, आणि बायको, आमची आयिंके, समोर ठाण मांडून बसलेली : "म्हणा, अडिगूनचे बाबा, म्हणा! 'असाकेचे बाबा, तुम्ही कसे आहात?'" तुम्ही! ओजेलादेला! ज्याला मी मागावर बसायला शिकवलं, ज्याच्या टाळक्यात धोटा हाणला, त्याला 'तुम्ही'! माझं तोंड म्हणजे काय माग आहे, सूत बदललं की वीण बदलली?

तुम्हाला सांगतो, सगळं आमच्या अडिगूनमुळे. अख्खं इसेयिन गाव सोडून पोराचं मन बसलं कुठं? ओजेलादेच्या असाकेवर! आणि आमच्यात मुलगी देणारा मोठा. मग तो वयानं लहान असो, तुमच्या हाताखालचा असो. त्याच्यापुढे पालथं पडायचं, अहो-जाहो करायचं...

अहो, हा माझ्याकडे शिकाऊ होता तेव्हा रोज सकाळी माझ्या दारात पालथा पडायचा, छाती जमिनीला टेकवून. मी 'ऊठ' म्हणेपर्यंत उठायची टाप नव्हती. आणि मी काय लगेच म्हणतो? तोंडातला कोलाच्या कडू बीचा तुकडा चावून संपवायचा, तोंड पुसायचं, मग 'ऊठ'. शिस्त असते ती! आज कुणाला आहे?

पहिल्या भेटीला गेलो ते ठरवून गेलो. 'तू' नाही, 'तुम्ही' नाही, दोन्ही टाळायचं. "काय, बसायचं का? तब्येत बरी ना? पाऊसपाणी बरं झालं म्हणायचं..." छान चाललं होतं हो! तेवढ्यात त्याच्या मागावरचं कापड दिसलं, काठ सैल, आणि तोंडातून गेलंच, "अरे गाढवा, किती वेळा सांगितलं तुला, काठ ओढून घे!"

संपलं! त्याची थोरली बहीण उठली, कमरेचं वस्त्र आवळत : "आमच्या माणसाची पायरी कळत नसेल, तर आमची पोर आमच्या घरी बरी!" आम्ही नेलेले यामचे कंद परत, कोला परत, पामतेलाचा डबासुद्धा परत! अडिगून घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडला. जेवेना, बोलेना. आयिंके म्हणते, "जीभ तुमची सुटली, उपाशी पोर माझं!" पण मी म्हणतो, माझं तोंड म्हणजे काय माग आहे?

मध्यस्थ घालून घालून शेवटी पुन्हा बोलावणं आलं. सोबत निरोप : या वेळी चुकलात तर मुलगी दुसरीकडे देऊ.

मांडव भरलेला. आमची सगळी पुरुषमंडळी पालथी, मी एकटा उभा, खांबासारखा. समारंभ चालवणारी बाई मोठी खट्याळ. "मुलाचे बाबा, काही म्हणालात का?"

"...म्ही," म्हटलं.

"हे कोण बोललं? वारा का?"

सगळा मांडव हसतोय! खाली बघतो तर अडिगून, मातीत पालथा, माझ्या पायाशी. मान वर न करता म्हणाला, "बाबा... माझ्यासाठी."

आता काय करता? गुडघे कडाडले. छाती टेकली. नाकात धूळ, तोंडात धूळ. आणि म्हटलं, चांगलं खणखणीत म्हटलं, "असाकेचे बाबा, तुम्ही आमचे मोठे! तुमची मुलगी आमच्या घरी द्या!"



मान तिरकी करून वर पाहिलं. ओजेलादे कोला चावत होता. सावकाश. चावतोय... चावतोय... बहीण दंडाला हिसका देतेय, "अरे, उठव त्यांना! म्हातारे आहेत!" हा चावतोय...

संपला तुकडा. तोंड पुसलं.

"ऊठ," म्हणाला.

उठलो.