आईच्या हातानं मोजलेलं पाणी

अफझलगंजच्या बसस्टॉपवर माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची मुलगी बसली होती. तिच्या मांडीवर जुनी वही होती.

"नाना, तीस वर्षं गावच्या विहिरीचं पाणी तुम्ही हातांत मोजलंत?"

"हौ. दोर पाण्यापर्यंत सोडायचा आणि कोपरापासून बोटापर्यंत मोजत वर ओढायचा."

"पावसाचा नेम राहिला नाही, तर गावांनी काय केलं, याचा अहवाल दिल्लीला जायचाय. तलाव दुरुस्त केल्यावर विहिरीला पाणी किती वाढलं, ते मीटरमध्ये लागतं. नाहीतर साहेब वही बाजूला ठेवतील."

"मग माझा हात मोज की."

"टेप आणलाय. बोटं सरळ ठेवा. सत्तेचाळीस सेंटिमीटर! आता सगळी वही मीटरमध्ये करता येईल."

"नक्को! शेवटची दहा वर्षं माझी नाहीत. गुडघे गेल्यावर तुझी आई जायची विहिरीवर."

"अक्षर तर तुमचंय!"

"ती येऊन सांगायची, मी लिहायचो."

"अहो, तलाव त्याच वर्षांत दुरुस्त झाला! आई तर गेली. तिचा हात आता कुठून आणू?"

"टेप इकडे दे. बांगड्या वर सार."

"माझा कशाला?"

"तिची पोलकी तुला न उसवता बसतात ना? टेकव कोपर इथं."

"नाना, बस आली."

"जाऊ दे ती. हात हलवू नको."