हाताएवढ्या कोयऱ्या

नाही, पण मी म्हणते, त्या कोयऱ्यांनी कुणाचं काय घोडं मारलं होतं? सांगा ना! लाल साडी, त्यावर काळ्या-पिवळ्या, चांगल्या हाताएवढ्या कोयऱ्या, काठाला हत्ती... माझ्या आईनं दिलेली होती हो! लग्न करून चंद्रपूरहून निघाले, तेव्हा तिनं ट्रंकेत सगळ्यात वर ठेवली आणि म्हणाली, "पुण्यात लय गर्दी रायते म्हनतात बाई, माही पोरगी दुरून दिसली पायजे." आता ह्यात त्या माउलीचं काय चुकलं?

आणि दिसले की! तुम्हाला सांगते, पहिल्या हळदीकुंकवाला ती नेसून मी नारायण पेठेतल्या आमच्या घरात बाहेर आले, तर सगळ्या बायकांच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. सासूबाई उठल्या, मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं, आणि रागावल्या असत्या तर परवडलं असतं, पण छे, पुण्यात रागावत नाहीत, पुण्यात सुचवतात... "साडी छानच आहे हो. पण फार उठून दिसतं. आपल्याकडे नाही चालत असलं." झालं! मोतिया रंगाची, अंगावरचं फूल भिंग लावून शोधावं अशी एक साडी काढून दिली. ती नेसून मी बाहेर आले, तर कुणाचं लक्षसुद्धा गेलं नाही, आणि जाताना सगळ्या काय म्हणतात? "सून गुणाची आहे हो!"

मग काय, मोतिया, बिस्किटी, राखाडी, फार तर फिक्कट पोपटी... फिक्कट पोपटी म्हणजे आमच्याकडची चैन! चुकून "मी स्वयंपाक करून राहिले" म्हटलं, की "करतेय म्हणावं, आपल्याकडे नाही चालत." आमटीत तिखट जरा सढळ पडलं, की "आपल्याकडे नाही चालत." आणि आमचे हे? यज्ञेश्वर नाव, पण तोंडातून कधी मंत्र काय, शब्द नाही! पेपरातून डोकं वर न काढता, "आई म्हणते तर..." एवढंच. वाक्यही पुरं करायचे नाहीत.

आणि मग एका दुपारी बोहारीण आली, डोक्यावर भांड्यांची टोपली घेऊन. सासूबाई मला म्हणाल्या, "तुझ्या त्या माहेरच्या आण बरं, नेसत तर नाहीस, उगाच जागा अडते." आणि मी... आणल्या! अहो, माझ्या पायांनी जाऊन, माझ्या हातांनी! बोहारणीनं कोयऱ्यांची साडी उलगडली आणि नाक मुरडलं. "कापड बरं हाय वैनी, पर रंग लई भडक, कोन घेनार?" म्हणजे तिच्याकडेही चालत नव्हतं, बघा! शेवटी घासाघीस करकरून सासूबाईंनी एक स्टीलचा डबा मिळवला आणि झाकण घट्ट बसतंय ना, ते पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. पुढं आई गेली. आणि तिची आठवण म्हणून माझ्याकडे काय उरलं? साबुदाण्याचा डबा! उपासाच्या दिवशी तो काढला की मला रडू येतं, आणि घरात समजतात, हिला पित्त झालंय.

बरं, ते गेलं म्हणा. पण आता? आता आम्ही कोथरूडच्या फ्लॅटमध्ये, आणि माझी लेक उत्कर्षा हिंजवडीला कॉम्प्युटरवर कसलंसं टेस्टिंग करते. आठवडाभर जीन्स, आणि शुक्रवारी त्यांच्या ऑफिसात एथनिक डे! म्हणजे काय, तर शुक्रवारी सगळ्यांनी आपापल्या आजीसारखं दिसायचं! पायजम्यावर हत्तींची मिरवणूक, ओढणीवर वारली बायका फेर धरून नाचतायत, अख्खं गाव अंगावर घेऊन ही कंपनीच्या बसमध्ये चढते. आणि परवाच्या शुक्रवारी खोलीतून बाहेर आली ती... लाल कुडता. काळ्या-पिवळ्या. हाताएवढ्या कोयऱ्या! "आई, हँडब्लॉक आहे, एकदम ट्रायबल व्हाइब! बोल्ड आहे ना?"

 म्हटलं थांब, आता सासूबाई बोलतील. तुम्हाला सांगते, इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्या बोलण्याची मनापासून वाट बघत होते. म्हणा हो एकदा, आपल्याकडे नाही चालत! म्हणजे माझं गेलं ते निदान नियमानं गेलं, एवढं तरी समाधान! तर सासूबाईंनी चष्मा पुसला, नातीला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "ग्गोड! काय उठून दिसतेस गं!"

उठून! दिसतेस! मला राहवेना, म्हटलं, "अहो आई, माझ्याकडे अश्शीच साडी होती." तर मला म्हणतात, "हो का? मग नेसली का नाहीस कधी?"

बोला आता! मीही पेटले. मंडईत भाजीला म्हणून निघाले, वाटेत एका हॉलमध्ये साड्यांचं प्रदर्शन लागलं होतं, भाजी राहिली बाजूला, शिरले आत आणि घेतली. लाल. कोयऱ्यांची. घरी आले, खोलीचं दार लावलं, नेसले, पदर खांद्यावर टाकला आणि आरशापुढे उभी राहिले. अहो, दिसत होते हो मी! आई म्हणाली होती तश्शी, दुरून दिसत होते! डोळे भरून आले, आता तिला हाक मारावी म्हणून तोंड उघडलं, आणि त्या तोंडातून काय बाहेर पडावं?

"फार उठून दिसतंय. आपल्याकडे नाही चालत असलं."

खोलीत दुसरं कुणी नव्हतं हो. मीच म्हणाले.

मग काय, सोडली, घडी केली, उत्कर्षाला देऊन टाकली. ती त्या साडीचं जॅकेट शिवणार आहे म्हणे. मी आपली बिस्किटी नेसले आणि दुसऱ्या दिवशी चतुर्थी म्हणून साबुदाणा भिजत घालायला डबा काढला. झाकण मात्र अजून घट्ट बसतं हो.