टेस्ट ड्राइव्हला गेलेले बाबा

हॅलो?… हां समता, जय भीम, बोल… बाबा ना? बाबा… आंघोळीला गेलेत.

हो, साडेबाराला. त्यात काय… नाही गं, बराय माझा आवाज. सर्दी झालीय…

समता, ऐक. खोटं बोलले मी. बाबा घरात नाहीयेत. कुठे आहेत, आम्हाला माहीत नाही.

अगं ऐक ना आधी… हो, हो, सांगते. तुझ्या दादाची ती लाल अमेरिकन गाडी, टप उघडणारी… तीच, खटारा होता तेव्हापासून दुरुस्त करत होता ती. विकायला काढलीय ना, आज अकराला एक डच माणूस आला बघायला. टेस्ट ड्राइव्ह हवी म्हणाला. दादाने किल्ली दिली आणि कागद आणायला आत आला. दोन मिनिटं, समता. बाहेर जातो तर गाडी नाही, माणूस नाही आणि बाबाही नाहीत.

पळवून?… असं नको ना बोलू.

नाही, आपणहून बसले. समोरच्यांच्या दाराला कॅमेरा आहे, त्यात दिसलं. बाबा फडक्याने बॉनेट पुसत होते. तो माणूस गाडीत बसून फोनवर कोणाशी तरी "या… या, या" करत होता. इथले हो म्हणतात तसं. बाबांना वाटलं, आपल्यालाच बोलावतोय, तेही एवढ्या आदराने. फडकं खांद्यावर टाकलं, हसले आणि बसले की शेजारी.

हसू नकोस… रडतेयस? बरं, रडू नकोस.

तो कशाला हटकेल? त्याला वाटलं असणार, गाडीवाल्याने म्हाताऱ्याला राखणीला पाठवलंय.

वीस मिनिटांत येतो म्हणाला होता. दीड तास झाला… उचलत नाहीये ना फोन. बाबांचा इथे चार्जिंगला… दादा सायकलवर आमचं अख्खं बेस्ट गाव पालथं घालून आलाय. पोलिसांनाही कळवलंय. तू ग्रोनिंगनहून निघू नकोस, तीन तास जातील.

शुगर… तीच तर भीती गं. गोळी घेतली आणि जेवण राहिलं. भाकरी टाकणारच होते मी, पण मीटिंग लांबली. अंगात नुसता स्वेटर, पायात स्लिपर. उघड्या गाडीत, नोव्हेंबरात.

हो, माझंच चुकलं. गाडी विक म्हणून मीच दादाच्या मागे लागले. अडीच महिने बाबांनी त्या इंजिनात हात काळे केले, एसटीच्या वर्कशॉपमध्ये करायचे तसे. आणि मी त्यांच्यासमोर म्हणाले, धूड आहे, जागा अडवतंय… बोल, काय बोलायचं ते बोल.

थांब. आवाज येतोय. गाडीचाच… हो, वळली, आपल्याच गल्लीत…

समता, बाबा नाहीयेत.

अगं नाहीयेत गाडीत. तो एकटाच आहे… थांब, दादा विचारतोय. फोन ठेवू नकोस.

…ऐक. तो म्हणतो, हायवेवर गाडी पळवली तर बाबा ओरडायला लागले, "बस, बस, बस." त्याला वाटलं, यांना बसने जायचंय. म्हणून पुढच्या गावात बस स्टॉपवर उतरवलं आणि हा आणखी लांब चक्कर मारून आला. पाऊण तास झाला त्याला.

स्टॉप चर्चजवळचा म्हणे. दादा गेला त्याच्याबरोबर, त्याच गाडीत. मी थांबलेय, कोणी आणून सोडलं तर… तू बोलत राहा. काहीही बोल. गप्प झालीस की मला बाबा कुठेतरी पडलेले दिसतात.

बसमध्ये चढले असतील तर?… खिशात काही नाही, ड्रायव्हरशी बोलणार कुठल्या भाषेत…

थांब, दुसऱ्या फोनवर दादा आहे… हां… हां…

सापडले. समता, सापडले. स्टॉपवरच बसलेत. एका बाईने अर्धं सँडविच दिलं, ते खाल्लंय… शुद्धीत आहेत, हो. थरथरतायत. दादाची बाही सोडत नाहीयेत म्हणे.

एकच सांगतायत दादाला, तिकीट काढ.

बसचं नाही गं. नागपूरचं.

हो, घरी परत जायचंय म्हणतात.

माहीत आहे मला, तुझा पीएचडीचा समारंभ पंधरा दिवसांवर आलाय. त्यासाठीच आले होते ते. तरी मी नाही समजावणार त्यांना, राहा म्हणून. आज मी एवढी घाबरले, तर ते त्या बाकावर किती घाबरले असतील… हो, तू विचार. पण ते नाही म्हणाले तर हट्ट करू नकोस.

ठेव आता. मला बाहेर जाऊन उभं राहायचंय. गाडी वळली की मी दिसायला हवी त्यांना.