शेपूट येईपर्यंत

हॅलो? …हो रे, ताईच बोलतेय. वनखात्यातल्या माझ्या ऑफिसच्या फोनवर दुसरं कोण असणार? …काय तुटलं? …शेपूट? कुणाचं?

…सापसुरळीचं. बरं. आणि सापसुरळी कुठाय? …तुझ्या स्वयंपाकघरात. वा! पत्ता चुकून आली असेल बिचारी.

…डब्यातून आणलीस. म्हणजे टेकडीवर गेलास, दगड उलटवलास, तिला उचललंस आणि जेवणाच्या डब्यात घालून घरी आणलंस. …फक्त फोटोसाठी. हो, हो… अरे, मग टेकडीवर ऊन नव्हतं का फोटोला?

…चुळबुळ करत होती. मग? …फ्रीजमध्ये?! लोण्याशेजारी ठेवलीस की भाजीच्या कप्प्यात? …नाही, चौकशीत विचारतात, म्हणून आपलं.

…सगळे फोटोवाले असंच करतात? गार पडली की शांत बसते? शांत नाही रे, बधिर होते. तुला बर्फाच्या लादीवर झोपवलं तर तूही छान पोज देशील.

…मग बाहेर काढलीस, अंगात ऊब आली, ती सटकली आणि तू शेपूट धरलंस. …हो, ते वळवळतं थोडा वेळ. बायकोला म्हणावं, खुर्चीवरून खाली उतर, शेपूट चावत नाही.

…आणि ती? …पातेल्याखाली झाकलीस. …काय? पुन्हा बोल. …काचेच्या पेटीत ठेवणार? शेपूट पुन्हा येईपर्यंत? मग फोटो, आणि मग सोडणार? वा रे समाजसेवक! आधी हात तोडायचा आणि मग दवाखाना काढायचा. …येतं रे, पुन्हा येतं. पण महिने लागतात, आणि पहिल्यासारखं येत नाही. त्या शेपटात तिची चरबी असते, उपाशी दिवसांची शिदोरी. ती सध्या तुझ्या ओट्यावर पडलीय.

…परवानगी? मी देऊ? मागची तारीख टाकून? अगदी अगदी. शिक्का कुठे मारू, डब्यावर की शेपटावर? …अरे ऐक ना. वन्यप्राणी पकडून घरी ठेवला म्हणून गेल्याच महिन्यात मी दोन पोरांना कोर्टात उभं केलं. 'ताई, चांगली अद्दल घडवलीस' असं तेव्हा कोण म्हणालं होतं? …आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं कलम आमच्या कायद्यात अजून आलेलं नाही. …रागावू नको काय? नोकरी माझी जाईल. तुझं काय, तुझं शेपूट शाबूत आहे.

…दगड उचलला तरी पळाली नाही? …तुझ्यावर विश्वास टाकला? तुझं तोंड बघून? …तिथे मोबाइलवर एक काढला होतास? बरं, पाठव. तिथला फोटो पाठव. हो, थांबते.

…आला.

…

…अरे, तिच्या पोटाशी ते पांढरं काय दिसतंय? …खडे? सगळे एका मापाचे? …मोठं करून बघ. …नीट बघ.

…अंडी आहेत रे ती. म्हणून पळाली नाही. वेटोळं घालून राखत बसली होती. …दगड परत ठेवलास का? …ते सोड, ठेवलास की नाही तेवढं सांग.

…म्हणजे सकाळपासून उन्हात आहेत.

…माहीत नव्हतं? माझ्या व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसून टाळ्या कोण वाजवत होतं? दगड होता तसा ठेवा, हेच तर सांगत होते मी. …रडू नकोस. अरे, रडू नकोस ना. रडून सावली पडत नाही तिथे. तिला डब्यात घे. झाकणाला भोकं पाड. आणि फ्रीजमध्ये नाही, मांडीवर ठेव. दगड ओळखशील ना? …किती उलटवलेस?! …आणि एकही परत ठेवला नाहीस. बरं. सगळे बघू. सगळे ठेवू. मी निघतेय.

…काय? …बहीण म्हणून येतेय की साहेब म्हणून?

…टेकडी चढताना बहीण. उतरताना साहेब. ठेव फोन.